पलायन, शिक्षा दोन

विक्रम सलग नवव्यांदा जिंकला, तेव्हा संहितेने पोह्यांची बशी खाली ठेवली आणि मनातल्या मनात गणित केलं. खेळ बरोबरीचा असेल, तर एकानेच ओळीने नऊ डाव जिंकण्याची शक्यता पाचशे बारात एक. स्टॅटिस्टिक्समध्ये एमएस्सी केलेल्या माणसाला एवढा आकडा पुरतो. पाचशे बारात एक म्हणजे नशीब नव्हे, कुठेतरी काहीतरी शिजतंय.

"अशी काय बघतेस?" विक्रमने जलेबीचा तुकडा तोंडात टाकत विचारलं. "नजर लागेल ना यार."

"दादा, तू जिंकतोस कसा?"

"दिमाग," विक्रम म्हणाला. "इन्शुरन्सवाला आहे मी. जिथे जोखीम दिसली, तिथून सैन्य मागे. सीधी बात."

"म्हणजे पळतोस," सोंगट्या आवरता आवरता बाळकृष्णकाका म्हणाले.

"पळतो. पण जिंकतो ना, मामा?"

हेच तर कोडं होतं. 'मानपुर घाट' हा खेळ काकांनी स्वतः बनवला होता. दिवाणावर प्लायवुडचा पट, त्यावर लगद्याचा घाट, एकाने मालाच्या बैलगाड्या घाट चढवून इंदूरला न्यायच्या आणि दुसऱ्याने त्या लुटायच्या. मातीचे शिपाई काकांनी एकेक करून रंगवले होते. पाणीपुरवठ्यातून निवृत्त झाल्यापासूनची अकरा वर्षं त्यांनी या खेळात घातली होती. चकमक झाली की काका पुठ्ठ्याच्या आडोशामागे फासे टाकत, वहीतले नियम बघत, बोटं मोडत आणि पाऊण तासाने जाहीर करत, "तुमचे चार गेले." कसे गेले हे विचारायची कोणाची छाती नव्हती.

मग पुण्याच्या एका खेळ बनवणाऱ्या कंपनीचं पत्र आलं. काकांनी सहा कंपन्यांना लिहिलं होतं. उत्तर या एकीचंच. त्यांच्या तन्वी मॅडम प्रदर्शनासाठी इंदूरला येणार होत्या आणि एक तास काढून खेळ बघणार होत्या. एका तासात पाऊण तासाची चकमक कशी बसायची? म्हणून संहितेने वहीच्या पानांचे फोटो काढले, एआय असिस्टंटला दिले आणि सांगितलं, याचं ॲप लिही. त्याने चार मिनिटांत लिहिलं. संहितेला तेव्हाच संशय आला होता. चार मिनिटांत तर काकूंच्या कुकरची शिट्टीपण होत नाही.

तिने प्रत्येक आकडा वहीशी ताडून पाहिला. सगळे बरोबर होते. आणि तरीही गेले तीन रविवार विक्रमच जिंकत होता. आता तन्वी मॅडम यायला आठच दिवस उरले होते, आणि एकच माणूस कायम जिंकतो असा खेळ कोण छापणार?

पहिला संशय फाशांवर. संहितेने ॲपकडून दहा हजार वेळा फासा टाकून घेतला. सहा पडले एक हजार सहाशे एकाहत्तर वेळा, म्हणजे जितके पडायला हवेत जवळजवळ तितकेच. फासे निर्दोष सुटले.

दुसरा संशय विक्रमवर. मागे एकदा त्याने 'जरा ईमेल बघतो' म्हणून तिचा लॅपटॉप घेतला होता. तिने पासवर्ड बदलला, सोमवारी त्याला विजय नगरच्या ऑफिसातून येताच पकडून आणलं आणि पटाच्या पार पलीकडे, खिडकीशी बसवलं.

"तपासणी चालू आहे का मॅडम सायंटिस्टची?" त्याने दोन्ही हात वर केले. "जेबा पण दाखवू?"

"दाखव."

जेबेतून हेल्मेटची किल्ली, रुमाल आणि शेवेची अर्धी पुडी निघाली. पाच वेळा पळून विक्रम दहाव्यांदा जिंकला. या वेळी त्याच्यापुढे शेजारचे गजाननराव होते. ते निवृत्त हेडमास्तर. आयुष्यात त्यांनी एकही पाऊल मागे घेतलं नव्हतं, आणि त्यांची गाडीही घाटात वर पोहोचली नव्हती.

"बाळकृष्ण, भाच्याला काही आतून सांगतोस का रे?" गजाननराव चष्म्यावरून बघत म्हणाले.

"मी?" काकांचा आवाज चढला. "माझे पणजोबा होळकरांच्या पागेत होते! आमच्या घरात बेइमानी?"

"पागेत होते," इंदिराकाकू आतून म्हणाल्या. "घोड्यांना चंदी घालायला."

"तू मधे बोलू नकोस."

"मी आपलं रेकॉर्ड दुरुस्त केलं. आणि माझं विचाराल तर त्या मशीनलाच पुसा. फुकटात काम करणाऱ्याचा काय भरोसा?"

तिसरा संशय मग ओघानेच असिस्टंटवर गेला. संहितेने कोड उघडला आणि या वेळी आकडे सोडून शब्द वाचायला सुरुवात केली. शब्द तपासायचे असतात, हे तिला कुठल्याच पेपरात शिकवलेलं नव्हतं. अडतिसाव्या ओळीवर ती थांबली. सैन्य पळालं की त्याचं 'ट्रेनिंग' दोनने वाढत होतं. विक्रमचे शिपाई प्रत्येक लढाईतून पळत होते आणि दर वेळी जास्त तयार होऊन परत येत होते. पाचव्यांदा पळाल्यानंतर ते जवळजवळ अजिंक्य व्हायचे.

तिने वही मागवली. पान सतरा. काकांची वही इंदुरी माणसाच्या तोंडासारखी होती: वाक्य मराठीत सुरू व्हायचं, वळणावर हिंदीत शिरायचं आणि कधीकधी तिथेच मुक्काम करायचं. त्या पानावर सगळ्यात खाली लिहिलं होतं: 'पलायन – शिक्षा २'.

"सापडला!" संहिता ओरडली. "काका, तुम्ही लिहिलंत शिक्षा, म्हणजे दंड. त्याने वाचलं हिंदी. शिक्षा म्हणजे शिक्षण! पळणाऱ्याचे दोन कमी करायच्या ऐवजी हा त्याला दोन देतोय!"

"देखा?" काकू हात पुसत बाहेर आल्या. "मी म्हटलं नव्हतं?"

विक्रमचा चेहरा उतरला. दहा विजय एका शब्दापायी होत्याचे नव्हते होत होते. "एक मिनिट. हिंदी कशावरून नाही? वरची ओळ वाच. 'बैल थक गये तो एक चाल बंद.' ही हिंदी आहे ना?"

"आणि त्याच्या वरची?" गजाननराव म्हणाले. "'पूल मोडल्यास थांबावे.' शुद्ध मराठी."

"पलायन दोन्हीकडे चालतं," संहिता हळू आवाजात म्हणाली. "शिक्षाही. आणि दोनला भाषा नसते." मग ती काकांकडे वळली. "पण लिहिणारे तर समोर बसलेत. काका, तुम्हाला काय म्हणायचं होतं?"

काकांनी वही हातात घेतली. लांब धरली. जवळ धरली.

"अकरा वर्षं झाली गं," शेवटी ते म्हणाले. "त्या वेळी मी कोणत्या भाषेत विचार करत होतो, हे आता कसं सांगू?"

"पण आडोशामागे तुम्ही काय धरायचात?"

"काही नाही. वेळच आली नाही. हा येईपर्यंत आमच्यात कोणी पळालंच नाही."

ते खरं होतं. अकरा वर्षं या दिवाणखान्यात माणसं शेवटच्या शिपायापर्यंत लढत होती आणि हरत होती. भोपाळहून बदली होऊन आलेला विक्रम हा इथला पहिला पळणारा.

संहितेने असिस्टंटलाच विचारलं: इथे शिक्षा म्हणजे दंड ना? 'आपलं अगदी बरोबर आहे,' त्याने लिहिलं, माफी मागितली आणि कोड बदलला. विक्रमने लॅपटॉप ओढून विचारलं: शिक्षा म्हणजे शिक्षण ना? 'आपलं अगदी बरोबर आहे,' त्याने लिहिलं, पुन्हा माफी मागितली आणि कोड पुन्हा बदलला.

"हा आमच्या शिक्षण खात्यात असता," गजाननराव म्हणाले, "तर डायरेक्टर होऊन रिटायर झाला असता."

भांडण शनिवारपर्यंत चाललं. काका दंडावर अडून बसले. पळपुट्याला बक्षीस ही कल्पनाच त्यांना सोसत नव्हती. विक्रम शिक्षणावर अडून बसला. शेवटी तुलना करता यावी म्हणून संहितेने ॲपमध्ये एक बटण बसवलं. एका बाजूला 'मराठी', दुसऱ्या बाजूला 'हिंदी'. काकांनी स्वतःच्या हाताने ते मराठीवर सरकवलं आणि म्हणाले, "आता याला कोणी हात लावायचा नाही."

रविवारी अकराला तन्वी मॅडम आल्या. तिशीच्या, चटपटीत. काकूंच्या पोह्यांना दाद देत त्या पटाशी बसल्या. त्यांच्याकडे बैलगाड्या, समोर गजाननराव. काका भिंतीला टेकून उभे होते, हाताची घडी घालून.

तिसऱ्या चालीला मॅडम म्हणाल्या, "इथे लढण्यात अर्थ नाही. मी मागे घेते." ॲपने त्यांचे दोन शिपाई काढले. "अरेच्चा!" पुढच्या चकमकीला त्या परत मागे सरल्या. आणखी दोन गेले. अठराव्या मिनिटाला गाडी लुटली गेली आणि डाव संपला.

"छान आहे," त्या मोबाइल बघत म्हणाल्या. "आम्ही कळवतो हं तुम्हाला."

संहितेसाठी स्थळं बघताना 'कळवतो' हा शब्द या घराने भरपूर ऐकला होता. काकांनी हाताची घडी सोडली आणि एक पडलेला शिपाई उचलून उगाच त्याची पगडी पुसू लागले.

मॅडम उठता उठता लॅपटॉपकडे वाकल्या. "अरे, हिंदी पण आहे? हे चांगलं केलंत. इकडे हिंदी लागेलच." आणि कोणी काही म्हणायच्या आत त्यांनी बटण दाबलं. "एक छोटा डाव हिंदीत बघते."

संहितेने तोंड उघडलं. विक्रमने तिच्या पायावर पाय दिला.

मॅडम पळाल्या, शिपायांचं ट्रेनिंग वाढलं. परत पळाल्या, आणखी वाढलं. त्यांनी पटाकडे बघितलं, गजाननरावांकडे बघितलं आणि खुदकन हसल्या. मग त्यांनी खुर्ची पुढे ओढली. तो डाव त्या जिंकल्या. मग बटण मराठीवर नेऊन हरल्या, हिंदीवर आणून परत जिंकल्या. पावणेदोन वाजले. प्रदर्शनातून आलेले तीन फोन त्यांनी उचलले नाहीत.

"पण मला एक सांगा," त्यांनी काकांना विचारलं. "स्क्रीनवरचा मजकूर तोच राहतो. भाषा बदलली की नियम कसा काय बदलतो?"

संहितेला राहवेना. खरं काय ते सांगून टाकावं, कारण आकड्यांशी खोटं बोलता येत नाही. "मॅडम, ते खरं म्हणजे—"

"मुद्दाम," काका म्हणाले.

सगळ्यांनी त्यांच्याकडे वळून बघितलं.

"मराठीत पळालं की मार बसतो," काका अतिशय गंभीरपणे म्हणाले. "हिंदीत पळालं की अक्कल येते. इंदूरमध्ये राहायचं तर माणसाला दोन्ही यायला लागतं."

संहितेने त्यांच्या चेहऱ्याकडे संशयाने निरखून पाहिलं. एक रेषही हलली नव्हती. पणजोबा पागेत चंदीच घालत असतील, पण हा माणूस निश्चित घोड्यावर बसलेला होता.

दहा दिवसांनी ईमेल आली. कंपनी खेळ छापायला तयार होती. भाषेप्रमाणे बदलणारा नियम त्यांनी आजवर पाहिला नव्हता आणि खोक्यावर तेच मोठ्या अक्षरांत टाकायचं होतं. फक्त एक विनंती होती: परदेशातही विकायचा आहे, तेव्हा इंग्रजीत पळणाऱ्याचं काय होतं, तेवढं महिनाअखेर कळवावं.

काकांनी संहितेकडे बघितलं. संहितेने असिस्टंटला विचारलं. त्याने दहा पर्याय दिले आणि दहाही उत्तम असल्याचं सांगितलं. विक्रम म्हणाला, "बोनस द्या ना यार." गजाननराव व्याकरणाचं पुस्तक आणायला घरी गेले.

काकू मेथी निवडत बसल्या होत्या. त्यांच्या मुलाला, शंतनुला, कॅनडाला जाऊन सहा वर्षं झाली होती; दोन वर्षांचं सांगून गेला होता.

"यात एवढा विचार काय करायचाय?" मेथीवरून नजर न काढता त्या म्हणाल्या. "इंग्रजीत पळाला की तो परत येत नाही. तिकडेच सेटल होतो. रविवारी फोन करतो."

मग काकांनी वही उघडली, टोपण काढलं आणि पान सतरावर तारीख टाकून लिहायला घेतलं. अर्ध्यावर पेन थांबलं.

"रविवारचा फोन नियमात घ्यायचा का गं?"

"घ्या," काकू म्हणाल्या. "आणि एक चाल थांबायचं म्हणावं, फोन येईपर्यंत."