भावकी, मेंदी आणि परकारभाई

परकारभाईंची आणि माझी ओळख झाली तेव्हा त्यांनी माझा हात हातात घेतला, तो हलवण्यासाठी नव्हे, कोपरातून उखडण्यासाठी.

दोह्याला बिन महमूदमधल्या आमच्या इमारतीत मी नुकता सामान घेऊन पोचलो होतो. जिन्यावरून एक पाच फूट दोन इंचांचे, पोट किंचित पुढे आलेले गृहस्थ उतरत होते. "सावंत ना? चिपळूणचे? मी इस्माईल परकार, दाभोळ खाडीकडचा," एवढं बोलून होईपर्यंत माझं मनगट त्यांच्या दोन्ही हातांत, माझं कोपर त्यांच्या छातीवर आणि मी जिन्याच्या कठड्यावर आडवा.

"थोपटा," ते प्रेमाने म्हणाले.

"काय थोपटू?"

"माझी पाठ, भिंत, कायपण. दोनदा थोपटलात की सुटलात. नाय थोपटलात तर कोपर जातो. समजलाव?"

मी भिंत थोपटली. त्यांनी हात सोडला, कमरेतून वाकून मला जपानी पद्धतीचा नमस्कार केला आणि विचारलं, "जेवलाव काय?"

परकारभाई रास लफानच्या गॅस प्रकल्पावर स्टोअरकीपर होते. पाइपांच्या सांध्यांत बसवायच्या हजारो गॅस्केटी त्यांच्या ताब्यात. मीही त्याच प्रकल्पावर कागदपत्रं सांभाळायला होतो. परकारभाईंचं वय पन्नासच्या आसपास, दम्याचा पंप कायम खिशात, आणि आयुष्यात कधी आखाड्यात पाय टाकलेला नाही. पण जपानातली कुस्ती हा विषय निघाला की या माणसाच्या अंगात वारं शिरायचं.

वारं भरलं ते मियाके-साननी. हे जपानी सुपरवायझर स्टोअरच्या पलीकडच्या खोलीत बसायचे. परकारभाईंचं इंग्रजी म्हणजे गॅस्केटींचे नंबर, आणि मियाके-सानचं इंग्रजीही तेच. एवढ्या भांडवलावर दोघांची दोस्ती झाली. एके दिवशी मियाके-साननी वर्तमानपत्रात गुंडाळलेली व्हिडिओ कॅसेट त्यांच्या टेबलावर ठेवली. परकारभाईंना वाटलं सेफ्टीचा सिनेमा असेल. घरी नेऊन लावली आणि दुसऱ्या दिवशी लाल डोळ्यांनी कामावर आले. चार वेळा बघितली होती.

कंपनीची बस संध्याकाळी आम्हाला रास लफानहून परत आणायची. अल खोर मागे पडलं की दोन्ही बाजूंना नुसतं वाळवंट. त्याच सुमाराला परकारभाई सीटवरून उठून मधल्या वाटेत उभे राहायचे. लोक घाईघाईने हात काखेत घालून बसायचे, कारण कथेच्या भरात ते "जरा हात द्या बघू" म्हणत आणि ज्याने दिला तो पुढचे दोन दिवस डाव्या हाताने सही करी.

"आपल्याकडं नुरा कुस्ती असते ना, आधी ठरवून केलेली? तसंच जपानात," ते सुरू करायचे. "दोरीवर आपटायचं, उडी मारायची, लोकांनी टाळ्या द्यायच्या. पण एक लांब हनुवटीचा पैलवान होता, त्याला आली खुमखुमी. म्हणाला, कुस्तीवाला सगळ्यात भारी. या, कोण येतंय! ज्युदोवाला आला, कराटेवाला आला. एकदा तर बॉक्सिंगचा जगज्जेता अमेरिकेतून आणलान. आणि काय केलान माहीत हाय? पाठीवर पडला! पंधरा राउंड पडून खालनं लाथा!"

"मग जिंकला कोण?"

"कोण नाय. बरोबरी. लोक शिव्या घालत घरी गेले. पण चेल्यांच्या डोक्यात किडा वळवळला ना! म्हणाले, ठरवलेलं बास. आता खरं करून बघू. समजलाव?"

या चेल्यांचे आणि त्यांच्या चेल्यांचे सामने परकारभाईंच्या कॅसेटींत होते. कुठे तोंडावर मुठीने मारायचं नाही, उघडा पंजा चालेल. कुठे दोरी धरली की पकड सोडायची. अर्धं नाटक, अर्धं खरं. कुठलं अर्धं कुठलं हे ओळखण्यात परकारभाईंचा हात धरणारा कोणी नव्हता (धरण्याची हिंमतही नव्हती). पहिल्या मिनिटाला निकाल द्यायचे, "नुरा!" किंवा "खरी!" पुढे पुढे ही सवय सगळीकडे लागली. मीटिंगमध्ये दोन साहेब टेबल बडवून भांडायला लागले की ते माझ्या कानात पुटपुटत, "नुरा." एकदा सूक वाकिफच्या जुन्या बाजारात केशराच्या दुकानात एक बाई आणि दुकानदार यांच्यात जुंपली. परकारभाई पिशव्या खाली ठेवून पाच मिनिटं तल्लीन होऊन उभे राहिले. "खरी," ते आदराने म्हणाले.

जपानी नावं त्यांच्या जिभेवर टिकत नसत, म्हणून त्यांनी पैलवानांचं बारसं करून टाकलं होतं. त्यांचा सगळ्यात लाडका पैलवान म्हणजे ‘शेठ’. उंच, देखणा, झगा घालून राजासारखा यायचा. त्याच्या कुस्त्या नुरा असतात हे परकारभाईंना ठाऊक होतं. "पण मनात आणलान ना, तर खऱ्यातही कुणाला ऐकायचा नाय," ही त्यांची श्रद्धा.

आणि मग जपानात उतरली भावकी.

भावकी म्हणजे ब्राझीलचं एक पैलवान घराणं. भाऊ, चुलतभाऊ, पुतणे, सगळे एकाच विद्येत तयार. समोरच्याला जमिनीवर घ्यायचं आणि गळा किंवा हात आवळत बसायचं. त्यातल्या सगळ्यात थोर भावाला शेठने आव्हान दिलं. कॅसेट येणार म्हणून आठवडाभर बसमध्ये दुसरा विषय नव्हता. माझ्या मनात मात्र पाल चुकचुकली. "परकारभाई, भावकीशी कोण जिंकलंय का? तुम्ही कोकणातले असून..."

"गप ऱ्हावा," ते म्हणाले.

शुक्रवारी जुम्याची नमाज झाल्यावर त्यांच्या दोन खोल्यांत आम्ही चौदा माणसं कोंबून बसलो. परकारभाईंनी स्वतः सांदणं केली होती; ती तांदळाची गोड, मऊ वडी तोंडात टाकून आम्ही वाट बघत होतो. शेठ आला. झगा काढला. परकारभाई गुडघ्यांवर उभे राहिले. भाऊ शांतपणे पुढे आला, शेठला मिठी मारली, खाली घेतला, वर बसला. पाच मिनिटंही झाली नसतील. शेठचा हात सरळ झाला, मागे वळला, आणि शेठने थोपटलं.

 परकारभाईंनी पंप ओढला, टीव्ही बंद केला आणि रिकामी ताटं उचलून आत गेले. बराच वेळ नळ वाहत होता.

नंतर दोन आठवडे बस मुकी. परकारभाई खिडकीला डोकं टेकून बसायचे. आम्हाला हात मोकळे सोडून बसता येत होतं, पण चैन पडेना. शेवटी आमचा मलबारी ड्रायव्हर बशीर आरशात बघून म्हणाला, "भाई, आज भी कुश्ती नहीं?"

"खलास," परकारभाई म्हणाले. "आपला माणूस नुसता दिसायला होता."

त्यांना पुन्हा उभं केलं ते शेठच्याच एका चेल्याने. हा पोरगा मध्यम बांध्याचा, हसरा, केस नारिंगी रंगवलेले. आमच्याकडे म्हातारे चाचा दाढीला मेंदी लावतात, अगदी तोच रंग. परकारभाईंनी नाव ठेवलं ‘मेंदी’. या मेंदीने भावकीतल्या एकाचा हात पाठीमागे असा पिळला की पंचांना मध्ये पडावं लागलं. ती कॅसेट आली त्या दिवशी परकारभाई बसच्या दारातूनच ओरडले, "सावंतसाहेब, हात द्या!" आणि मी मूर्खासारखा दिला.

मग ठरला मोठा सामना. मेंदीविरुद्ध भावकीतला आणखी एक भाऊ, ज्याने अमेरिकेत भल्याभल्यांना थोपटायला लावलं होतं. पंधरा-पंधरा मिनिटांचे राउंड, आणि कितीही राउंड! निकाल लागेपर्यंत थांबायचं नाही. या वेळी कॅसेट घेऊन खुद्द मियाके-सान बिन महमूदला आले. टाय लावून. बूट दाराबाहेर व्यवस्थित जोडून ठेवून ते जमिनीवर मांडी घालून बसले. निकाल त्यांना माहीत होता, पण चेहरा असा की जणू गॅस्केट मोजतायत.

पहिला राउंड. दुसरा. पांढऱ्या ज्युदोच्या कपड्यातला भाऊ चिकटतोय, मेंदी निसटतोय. मध्येच मेंदीने त्याची विजारच खाली ओढायला घेतली आणि प्रेक्षकांकडे बघून हसला! परकारभाई जमिनीवर लोळायचे बाकी राहिले. "बघा! मारामारीत मस्करी! हा खरा पैलवान!"

तिसऱ्या राउंडला खालच्या मजल्यावरचा मिसरी, म्हणजे इजिप्तचा, शेजारी आवाजाची तक्रार घेऊन आला. "खलास! मेरा बच्चा सोता है!" असं मोडक्या हिंदीत ओरडत तो आत शिरला, टीव्हीकडे बघितलं, विचारलं, "ये कब से चल रहा है?" अर्धा तास होऊन गेला असं कळल्यावर "यल्ला!", चला तर, म्हणून माझ्या मांडीवर जवळजवळ बसलाच.

चौथा. पाचवा. मेंदी भावाच्या पायावर लाथा घालतोय, एकाच जागी, पुन्हा पुन्हा, लोहार घण घालतो तशा. परकारभाईंचा आवाज बसला, तरी खुणांनी चालू होतं. प्रत्येक लाथेला आमची खोली "हा!" करायची. सहाव्यात भाऊ लंगडायला लागला. नव्वद मिनिटं! नव्वद मिनिटं दोन माणसं भांडत होती आणि आम्ही श्वास धरून होतो. सहावा संपला. सातव्याला उठायचं, तर भावाला उभं राहवेना. आणि त्याच्याच सख्ख्या भावाने कोपऱ्यातून टॉवेल फेकला.

त्यानंतर काय झालं ते मला नीट सांगता यायचं नाही. मिसरी मला मुके देत होता. परकारभाईंनी मियाके-सानना मिठी मारली होती आणि रडत होते. मियाके-सान ताठ उभे होते. मग त्यांचाही हात हळूच वर आला आणि त्यांनी परकारभाईंची पाठ दोनदा थोपटली.

"खरी," परकारभाई बसलेल्या आवाजात म्हणाले. "शंभर टक्के खरी."

त्यानंतर दीड महिन्याने मी सुट्टीवर निघालो. परकारभाईंनी गावी द्यायला एक पिशवी आणली. दुधाच्या पावडरचा डबा, डोकेदुखीचं तेल आणि गाणी ऐकायच्या असतात तशा पाच ऑडिओ कॅसेटी. त्यावर आपला आवाज भरून घरी पाठवायची गल्फमधल्या माणसांची रीतच होती. त्यांच्या गावात फोन एकच, वाण्याच्या दुकानात, आणि तिथे सगळा गाव कान देऊन उभा.

"कॅसेटी आमच्या हाजराच्या हातात द्या," ते म्हणाले. "तिच्याच."

खाडीकाठचं त्यांचं घर माणसांनी भरलेलं होतं. आई, दोन भाऊ, भावजया, त्यांची मुलं. परकारभाईंच्या बायकोने, हाजराभाभींनी, चहा दिला आणि सगळ्यांच्या आग्रहाने पहिली कॅसेट लगेच लागली. सगळे टेपभोवती बसले. परकारभाईंचा आवाज आला. "अस्सलाम आलेकुम. मी बरा हाय. आई, गुडघा कसा हाय? हिकडं गरमी लई. आता कुस्ती सांगतो."

आणि चालू झाली! तीच ती, नव्वद मिनिटांची. पहिला राउंड, डाव्या पायावर लाथ, उजवा हात कॉलरमध्ये. मी खूश होऊन ऐकत होतो. दुसऱ्या राउंडला आई "नमाजची वेळ झाली" म्हणून उठल्या. एक भाऊ जांभई देत होडीकडे गेला. दुसरा न सांगताच गेला. भावजयांना मासळी आठवली, मुलं तर कधीच पसार झाली होती. उरलो मी आणि हाजराभाभी. त्या डोक्यावरचा पदर सारखा करत माझ्याकडे बघत होत्या.

"भाई, ही कुस्ती तुमी तिकडं बघितलेली असंल ना?" त्यांनी विचारलं.

"बघितली ना! पुढे तर अशी मजा आहे..."

"मंग परत कशाला ऐकताव? पडवीत वारा चांगला हाय."

मी पडवीत जाऊन बसलो. आतून परकारभाईंचा आवाज येत होता, पण आता तो बसमधला आवाज नव्हता. खूप हळू बोलत होते. शब्द कळत नव्हते. ऐकू आलं ते भाभींचं हसणं, आणि नंतर टेप मागे फिरवल्याची किरकिर.

निघताना त्या फाटकापर्यंत आल्या. "पयलं सगळ्यांसमोर ऐकायचो ना, तवा ते नुसतं मी बरा हाय, तू बरी ऱ्हा, एवढंच बोलायचे," त्या खाडीकडे बघत म्हणाल्या. "कुस्ती घालायला लागले तसं घर रिकामं व्हतं." मग ओठांवर पदर धरून म्हणाल्या, "पण ऐकून ऐकून आता मलापण नाद लागलाय. तो शेठ... त्याला परत उतरू नको म्हणावं. वय झालं त्याचं."

दोह्याला परतलो त्या संध्याकाळी परकारभाई माझ्या दारात उभे. भाभींनी दिलेली कोकमं मी त्यांच्या हातात ठेवली. त्यांनी पिशवी हुंगली, बाजूला ठेवली.

"कॅसेटी तिच्या हातात दिलात?"

"दिल्या."

"बरी दिसते?"

"बरी आहेत. चष्मा शोभतो त्यांना."

"चष्मा?" परकारभाई खुर्चीवर बसले. "चष्मा कधी लागला? मला बोलली नाय."

  खाली रस्त्यावर कुणीतरी गाडीचा हॉर्न वाजवत होतं. मग त्यांनी खुर्ची पुढे ओढली, माझा हात धरला, पण पिळला नाही. नुसता धरून ठेवला.

"सांगा," ते म्हणाले. "काड्या कसल्या? काळ्या की सोनेरी? वाचताना लावते की सारखा असतो? नाकावरनं घसरतो काय? सावंतसाहेब, पयल्यापासनं सांगा."

मी त्यांच्या घराच्या फाटकापासून सुरुवात केली.