सहा भाऊ, एक गाडी

"कंपनी निवडायचं काम माझ्यावर सोड! माझ्या नजरेतून आजवर एक सैल स्क्रू सुटला नाही, तिथे गाड्या वाहून नेणारी कंपनी काय सुटणार?"

खातरजमाकाका हे वाक्य इतक्या जोरात बोलले की फोन नसता तरी ताईला ऐकू गेलं असतं! आणि ताई, म्हणजे त्यांची थोरली बहीण, चौदाशे किलोमीटर लांब राहत होती.

काकांनी चौतीस वर्षं लिफ्ट तपासनीस म्हणून नोकरी केली. कुठलीही लिफ्ट असो, तिचं प्रत्येक बटण स्वतः दोनदा दाबायचं, मग खाली उतरून पुन्हा वर जायचं, आणि त्यानंतरच सही करायची. निवृत्त होऊन आठ वर्षं झाली, पण खोड गेली नाही. दार लावलं की ते तीनदा ओढून बघतात, आणि बायकोने चहात साखर घातली म्हटलं की बरणीतली पातळी बघून येतात. इमारतीने त्यांना खातरजमाकाका हे नाव दिलं, आणि काकांना तो आपला गौरव वाटतो.

तर, गाडीबद्दल. गाडी होती वडिलांची. बदामी रंग, गोल दिवे, वय अठ्ठावन्न. काकांनी ती जिवापाड जपली होती. जपली म्हणजे काय, तर दर रविवारी खोळ काढायची, दहा मिनिटं इंजिन चालू ठेवायचं, पुसायची, आणि परत खोळ घालायची. ओरखडा येईल या धास्तीने फाटकाबाहेर काढायचीच नाही! बावीस वर्षांत ती अकरा किलोमीटर चालली होती, आणि त्यातलेही निम्मे पुढेमागे करण्यात गेले होते.

खरं तर ही गाडी ताईची व्हायला हवी होती. अठराव्या वर्षी वडिलांशेजारी बसून ती गाडी शिकली. चाक बदलायची, इंजिनाचा नुसता आवाज ऐकून दुखणं सांगायची. पण वडिलांनी किल्ली ठेवली मुलाच्या हातात, कारण तो मुलगा होता, एवढंच. ताई त्या दिवशी काही बोलली नाही, नंतरही कधी बोलली नाही, आणि तिचं ते न बोलणं काकांना बावीस वर्षं आत कुठेतरी टोचत होतं.

आणि महिन्याच्या एक तारखेला ताईचा फोन आला. "डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलंय रे, महिनाअखेरपर्यंत दिवसाउजेडी चालवा, हरकत नाही. पुढच्या महिन्यापासून मात्र गाडी बंद. तेव्हा म्हटलं, त्याआधी एकदा बाबांची गाडी चालवायला मिळाली असती तर..."

चौऱ्याहत्तर वर्षांच्या बहिणीने आयुष्यात पहिल्यांदा काही मागितलं होतं! 

"मिळाली असती काय? मिळणारच! ट्रेलरवर चढवून तुझ्या दारात उभी करतो! कंपनी निवडायचं काम माझ्यावर सोड!"

"अरे, पण पाठवायची कशाला, मीच तिकडे..."

"तू एक अक्षर बोलू नकोस!" काका गरजले, आणि त्यांनी फोन ठेवून दिला.

"ताई काहीतरी सांगत होत्या," काकू म्हणाल्या.

"आभार मानत असेल," काका म्हणाले, आणि त्यांनी कंबर कसली.

पहिल्या रात्रीत प्रश्नावली तयार झाली. बासष्ट प्रश्न! पट्टे किती रुंद, साखळ्या कुणी बनवल्या, ड्रायव्हरला चष्मा आहे का, असल्यास त्याचा नंबर शेवटचा कधी तपासला. सतराव्या प्रश्नावर काकांचा विशेष जीव होता: 'घाट चढताना ड्रायव्हरला जोराची शिंक आल्यास कंपनीची काय व्यवस्था आहे?'

एकेक कंपनी गळायला लागली. पहिल्या कंपनीतला माणूस म्हणाला, "काका, तुम्ही काळजीच करू नका." काकांनी तिथेच फुली मारली. काळजी करू नका म्हणणाऱ्याकडे काळजीचं काहीतरी असतंच! दुसऱ्या कंपनीच्या मालकाची खुर्ची डुगडुगत होती. "स्वतःची खुर्ची घट्ट करता येत नाही, हा माझी गाडी काय बांधणार?" फुली! तिसऱ्या ठिकाणी काका साखळ्यांचे आकडे मोजायला ट्रेलरच्या खाली शिरले, आणि ड्रायव्हरने इंजिन चालू केलं. काका बाहेर आले ते ग्रीसने माखून, पण विजयी मुद्रेने. "बघितलंस? सुरू करण्याआधी खाली वाकून बघत नाहीत!"

"खाली कुणी झोपलंय असं कुणाला वाटेल?" काकू म्हणाल्या.

चौथी कंपनी शिंकेच्या प्रश्नाला हसली. फुली!

अठरा दिवसांत चौदा कंपन्या बाद झाल्या. काकूंनी हात टेकले. "अहो, तुमच्या फुल्या मोजता मोजता महिना संपेल. ताईंना एक फोन करून विचारा तरी!"

आणि पंधरावी कंपनी भेटली. फोनवर एक बाई होत्या. काय तो आवाज! शांत, स्थिर, नुकतंच तेलपाणी झालेल्या लिफ्टसारखा. बाईंनी बासष्टच्या बासष्ट प्रश्नांची उत्तरं दिली. ट्रेलर चारी बाजूंनी बंद. चाकांना मऊ पट्टे. गाडी चढवण्याआधी सगळ्या बाजूंनी फोटो. दिवसातून दोनदा फोन. आणि शिंकेचं?

"दोन ड्रायव्हर असतात साहेब. आजवर दोघांना एकदम शिंक आल्याची नोंद नाही."

काका आनंदाने खुर्चीतून उठले, आणि लगेच धपकन खाली बसले. इतकं चांगलं कसं काय? जी लिफ्ट पहिल्याच फटक्यात पास होते ती खास तपासणीसाठी चकाचक केलेली असते, हे काका चौतीस वर्षांत शिकले होते. अशा वेळी ते काय करायचे? वेश बदलून जायचे! कधी पाहुणा, कधी भाडेकरू, तर कधी गुडघेदुखीवाला म्हातारा. गाफील लिफ्ट पकडायची ती अशी.

"अजिबात नाही!" काकू मटार सोलत होत्या, त्या तशाच उठल्या. "मी सांगून ठेवते, हे अंगाशी येईल!"

पण काकांनी फोनवर रुमाल धरलाही होता!

दोन दिवसांत पाच फोन झाले. पहिले होते निवृत्त न्यायमूर्ती, त्यांना खोकला होता. दुसरे डॉक्टर, ते घाईत होते. तिसरे जहाजाचे कप्तान, ते ओरडून बोलायचे. चौथे प्राध्यापक, त्यांचं एक वाक्य संपेपर्यंत काकूंच्या दोन शेंगा सोलून होत. पाचवे अत्तराचे व्यापारी, ते नाकात बोलायचे. प्रत्येकाकडे एकेक जुनी गाडी, कुणाची हिरवी, कुणाची निळी, कप्तानांची तर लालभडक! आणि बाईंनी पाचही वेळा तीच उत्तरं दिली, तीच तारीख सांगितली, तोच शांतपणा ठेवला. शेवटी त्या विचारायच्या, "नोंदवू का साहेब?" आणि काका ठणकावून सांगायचे, "नोंदवा!" कारण नोंदणी नीट होते की नाही, तेही तपासायला नको?

कंपनी पास झाली! सहाव्यांदा काकांनी स्वतःच्या आवाजात फोन केला आणि आपली बदामी गाडी नोंदवली. चोवीस तारीख ठरली.

चोवीस तारखेला सकाळी नऊ वाजता गल्लीच्या तोंडाशी भोंगा वाजला. काका गॅलरीत धावले आणि त्यांच्या तोंडचं पाणीच पळालं. मालगाडीचा डबा रूळ सोडून फिरायला निघावा तसा लांबलचक ट्रेलर गल्लीत शिरत होता. पुढचं टोक काकांच्या फाटकाशी आलं तरी मागचं अजून मोठ्या रस्त्यावरच होतं! पावाची गाडी अडकली. दोन रिक्षा अडकल्या. खालच्या मजल्यावरची दंतवैद्यीण बाहेर आली, आणि तिच्या मागोमाग अर्धा जबडा बधिर झालेला तिचा पेशंटही आला.

ड्रायव्हर खाली उतरला. हातात यादी. "नमस्कार काका! सहा गाड्या. बाकीचे पाच भाऊ कुठे आहेत?"

"भ... भाऊ?"

"एकाच नंबरवरून सहा नोंदी आल्या ना. मॅडम म्हणाल्या, मोठं एकत्र कुटुंब दिसतंय, सगळ्यांना गाड्यांची हौस आहे. मुद्दाम सहा गाड्यांचा ट्रेलर पाठवलाय. न्यायमूर्तीसाहेबांना बोलवता का? त्यांची आधी चढवू."

काकांनी काकूंकडे बघितलं. काकूंनी आभाळाकडे बघितलं.

"ते... ते पाच जण येऊ शकत नाहीत. रद्द करा त्यांचं."

"करू की! फक्त ज्याची नोंद त्यानेच फोनवर सांगायचं, असा नियम आहे. आवाज नोंदीतल्या आवाजाशी जुळवून बघतात. तुमची गाडी उद्या दुसऱ्या कुणी भलत्याने रद्द केली तर चालेल तुम्हाला?"

हा बासष्टातला एक्केचाळिसावा प्रश्न होता! काकांनीच विचारला होता, आणि उत्तर ऐकून शाबासकीही दिली होती.

ड्रायव्हरने नंबर लावून फोन पुढे केला. अख्खी गल्ली कान टवकारून उभी. काकांनी खिशातला रुमाल काढला.

"खॉक् खॉक्! मी... न्यायमूर्ती. गाडी रद्द."

पावाच्या गाडीवरचा माणूस मटकन फुटपाथवर बसला.

"ठीक आहे साहेब," बाई म्हणाल्या. "डॉक्टरांना देता?"

"डॉक्टर बोलतोय घाईत आहे रद्द करा!"

"कप्तानसाहेब?"

"रद्द!!!" काका असे ओरडले की दंतवैद्यिणीच्या पेशंटचा जबडा वेळेआधीच शुद्धीवर आला. प्राध्यापकांनी घसा साफ केला, सावकाश 'हे... पाहा... बाई...' इथवर आणलं, आणि नेमका तिथेच घात झाला. काकांना खराखुरा ठसका लागला!



"प्राध्यापकसाहेब, खोकला न्यायमूर्तींना होता ना?"

 काकांनी पटकन नाक चिमटीत धरलं. "बी अत्तरवाला..."

"साहेब," बाई तितक्याच शांतपणे म्हणाल्या, "तुम्ही आम्हाला बासष्ट प्रश्न विचारलेत, आम्ही सगळ्यांची खरी उत्तरं दिली. गिऱ्हाईकासाठी आमचाही एक प्रश्न असतो. सांगितलेली माणसं आणि गाड्या खऱ्या आहेत का? तुमच्यासाठी आम्ही पाच जागा रिकाम्या ठेवल्या आणि पाच खऱ्या लोकांना नाही म्हटलं. अशा गिऱ्हाईकाची गाडी आम्ही नेत नाही. क्षमा असावी."

काकांनी विनवण्या केल्या. बहिणीचं सांगितलं, डोळ्यांचं सांगितलं, स्वतःच्या खऱ्या आवाजात सांगितलं. पण आता त्यांच्या खऱ्या आवाजावर कोण विश्वास ठेवणार? ट्रेलर मागे जायला पाऊण तास लागला. मागे बघून दिशा सांगायचं काम काकांनीच केलं, ते चोख केलं, आणि मग ते जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसले.

"एकच गोष्ट मागितली होती गं तिने," ते काकूंना म्हणाले. त्यांचे डोळे भरले होते. "एकच! आणि मी फुल्या मारत बसलो."

काकू शेजारी बसल्या. "उठा. ट्रेलर वळत होता तेव्हाच मी ताईंना फोन केला. त्या स्टेशनवर निघाल्यासुद्धा!"

दुसऱ्या दिवशी दुपारी ताई आली. हातात एक छोटी बॅग, डोक्याला रुमाल. आधी गाडीपाशी गेली. खोळ काढली, बॉनेट उघडलं, इंजिनाला कान लावला, चाकांवर थापा मारल्या.

"ब्रेक बघितलेस?"

"दर रविवारी."

"टायर?"

"नवे आहेत. कोरे करकरीत! चाललीच कुठे?"

"झालं तर मग." ताईने बॅग मागच्या सीटवर टाकली. "उद्या उजाडलं की निघू. दिवसाच चालवायची, चार दिवसांत घरी."

"तू? चौदाशे किलोमीटर?"

"अरे वेड्या, मला गाडी दारात उभी नको होती, चालवायला हवी होती! मी तिकडे येते आणि चालवत घेऊन जाते, हेच तर फोनवर सांगत होते. तू बोलू दिलंस?"

काकूंनी 'मी म्हणत नव्हते?' असं तोंडाने म्हटलं नाही. नुसतं बघितलं. ते जास्त लागलं.

आणि मग काय चालली म्हणून सांगू ती गाडी! अठ्ठावन्न वर्षांची म्हातारी अठराची झाली. आणि ताईही! खिडकीवर कोपर, ओठांवर शीळ, घाटात असं वळण घ्यायची की मागच्या सीटवर काका दोन्ही हातांनी दार धरून बसायचे. पुढची जागा काकूंनी पहिल्या दिवशीच पटकावली होती. काकांनी फक्त एकदा विचारलं, "ताई, घाटात शिंक आली तर?" ताईने आरशातून असं बघितलं की काका तिसऱ्या दिवशीपर्यंत गप्प होते.

एकोणतीस तारखेला, ऊन असतानाच, गाडी ताईच्या दारात उभी राहिली. एक ओरखडा नाही! ताईने इंजिन बंद केलं, पण हात स्टिअरिंगवरून उचलले नाहीत. काका खाली उतरून तिच्या खिडकीशी आले. 

"ताई, किल्ली तुझ्याकडेच ठेव. ही तुझीच होती. बाबा चुकले, आणि मी घेतली, म्हणजे मीही चुकलो."

 ताईने किल्ली पदरात बांधली आणि दुसऱ्या टोकाने डोळे पुसले. "परवापासून मला चालवायची नाही. पण मी शेजारी बसेन, माझी लेक चालवील. तिला शिकवते. फाटकाबाहेर काढायची हं रोज!"

काकूंनी परतीचं आगगाडीचं तिकीट काढलं. एकच, स्वतःचं काढलं, कारण सगळ्यात भरवशाची आगगाडी कुठली, याचा काकांचा अभ्यास अजून चालू होता. सकाळी काकू गेल्या. दुपारपर्यंत काकांची ताईच्या गॅसची नळी, पाण्याची टाकी, जिन्याचा कठडा आणि शेजारच्या इमारतीची लिफ्ट तपासून झाली. संध्याकाळी ताईने मुकाट्याने काकांच्या फुल्यांच्या वहीतला फुली नसलेला एकमेव नंबर शोधला आणि काकांच्याच फोनवरून लावला.

"नमस्कार. एक जुनं मॉडेल परत पाठवायचं आहे. वय सहासष्ट, चालू स्थितीत, आवाज फार करतं. माझा धाकटा भाऊ. न्याल का?"

तिकडून शांत, स्थिर आवाजात प्रश्न आला, "सहांपैकी कोणता?"