जुशेप्पाची आई

"ज्वारीची भाकरी खाऊन इटालियन वाचणारा माणूस अख्ख्या सोलापुरात एकच!" असं हत्तुरे मास्तर रोज एकदा तरी म्हणत. सुट्टीच्या दिवशी ऐकायला कोणी नसलं, तर आरशाला सांगत.

रुद्रप्पा हत्तुरे शाळेत इंग्रजी शिकवायचे. आठ वर्षांपूर्वी त्यांनी मुंबईहून टपालाने एक अभ्यासक्रम मागवला होता. सोळाव्या शतकाच्या अखेरीपासून एकोणिसाव्या शतकापर्यंतचं इटालियन साहित्य! अभ्यासक्रम दोन वर्षांचा होता. मास्तर अजून त्यातच होते. कोठडीतून चंद्राला आळवणारे कवी, खिडकीखाली सुस्कारे सोडणारे सरदार, देशाबाहेर हाकललेले आणि गावाच्या आठवणीने झुरणारे क्रांतिकारक... मास्तरही त्यांच्याबरोबर झुरत. स्वतः पुण्याच्या पुढे गेले नव्हते, पण न पाहिलेल्या त्या गावांसाठी त्यांचा जीव तीळ तीळ तुटायचा.

"अहो, ज्या गावात आपलं कोणी नाही, त्याची कसली आठवण येते तुम्हाला?" दाक्षायणीबाई विचारत.

मास्तर नुसतं पुढचं पान उलटत. त्यांना एक दुःख मात्र होतं. ही भाषा त्यांनी कधी कुणाच्या तोंडून ऐकलीच नव्हती. आठ वर्षं नुसती डोळ्यांनी वाचलेली! एकदा, फक्त एकदा, एखादा इटालियन माणूस समोर बसावा आणि बोलावा, एवढीच इच्छा होती.

आणि चौऱ्याहत्तर सालच्या जानेवारीत तो आला की!

अक्कलकोट रस्त्यावरच्या एका सूतगिरणीत इटलीचं नवं मशीन बसवायचं होतं. त्यासाठी तिकडून फिटर आला, जुझेप्पे नावाचा. गिरणीत वीरभद्रप्पा मॅनेजर, मडिवाळप्पा स्टोअरकीपर. त्यामुळे चार दिवसांत त्याचाही जुशेप्पा झाला. हे आडनावाने कोण, असंही दोघांनी विचारून घेतलं. त्याच्याबरोबर आलेला दुभाष्या पहिल्याच जेवणात शेंगाच्या चटणीला बळी पडला आणि पोट धरून मुंबईला परतला. पुढचे सहा आठवडे जुशेप्पा खाणाखुणांवर काम करत होता. सुट्टी झाली की गेटजवळच्या लिंबाखाली बसून एकटाच पश्चिमेकडे बघत राही.

एके दिवशी चालू मशीन खाड्‌कन थांबलं. जुशेप्पा मशीनच्या पोटात हात घालून घालून बघू लागला, डोकं हलवू लागला, भराभर काहीतरी बोलू लागला. कुणाला ओ की ठो कळेना.

"सायेब, त्ये हत्तुरे मास्तर हायेत की!" मडिवाळप्पा म्हणाला. "लई इटालियन येतंय म्हनं त्यान्ला!"

मास्तरांना आणायला गिरणीची जीप गेली. मास्तर लग्नातला कोट घालून, शब्दकोश छातीशी धरून आले. खात्यातले सगळे कामगार गोळा झाले. मास्तरांनी घसा खाकरला, डोळे मिटले आणि आठ वर्षं मनात घोळवलेलं वाक्य खणखणीत आवाजात म्हटलं. 'हे थोर परदेशस्था, कोणत्या दुःखाने हे चक्र मूक झाले?' असा त्याचा अर्थ होता.

जुशेप्पाने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग दिलगिरीने म्हणाला, "सॉरी. नो कन्नडा."

खात्यात असा काही हशा पिकला, की शेजारची मशीनं ऐकू येईनात! मास्तरांचा चेहरा वांग्यासारखा झाला. उच्चारांचं पुस्तक अभ्यासक्रमात नव्हतंच. पण हरतील ते हत्तुरे मास्तर कसले! त्यांनी तेच वाक्य कागदावर लिहून दिलं.

जुशेप्पाने वाचलं, आणि त्याचे डोळे एकदम भरून आले. सहा आठवड्यांनी आपली भाषा दिसली होती! त्याने कागद पालथा करून घाईघाईने काही खरडलं आणि मास्तरांच्या हातात दिलं.

सगळे मान पुढे काढून उभे. मास्तर वाचू लागले. पहिला शब्द माद्रे. म्हणजे आई! पुढचा वीते. म्हणजे द्राक्षवेल! मग 'झिजली', 'तुटली', 'इथे उपाय नाही', आणि शेवटी 'घरून'. मास्तरांनी कागद हळूच खाली घेतला.

"काय म्हणतोय? कुठला पार्ट गेला?" वीरभद्रप्पा साहेबांनी विचारलं.

"पार्ट कसला साहेब!" मास्तरांनी कागद छातीशी धरला. "याची आई गेली! झिजलेली द्राक्षवेल तुटून पडावी तशी! घरून कळवलंय. काय उपमा दिलीय... अशा प्रसंगी!"

 कामगारांचा मुकादम, जॉबर शेखलालने डोक्यावरची टोपी नीट केली आणि जुशेप्पाला कडकडून मिठी मारली. "सबर करो भाई! मां है, क्या करते!" जुशेप्पाला एक अक्षर कळलं नाही, पण कुणीतरी जवळ घेतलं, एवढ्यानेच त्याचा बांध फुटला. तो हमसून हमसून रडला. बायका डोळ्याला पदर लावू लागल्या. साहेबांनी दोन मिनिटं शांतता पाळायला लावली आणि लगेच तिकिटाची तार केली. जुशेप्पाला वाटलं, तुटलेला भाग घरून आणायला आपल्यालाच पाठवतायत. केवढी थोर माणसं!

स्टेशनवर त्याला पोचवायला मास्तर गेले. गाडीला वेळ होता. मास्तरांनी भीत भीत पिशवीतलं जुनं पुस्तक काढलं, एक पान उघडलं आणि खुणेने म्हटलं, वाच.

जुशेप्पा वाचू लागला.

मास्तर बाकावर बसले होते, ते बसल्या जागी विरघळले. आठ वर्षं जे शब्द त्यांनी खडीसारखे चावले होते, ते असे वाहतात? प्रत्येक ओळीच्या शेवटी असा दिवा लागतो? एक शब्दही आपण बरोबर म्हणत नव्हतो, हे कळत होतं आणि त्याचं दुःख होत नव्हतं. हमालांची ओरड, चहावाल्यांची आरोळी, सगळं दूर गेलं. मग गाडी आली, आणि जुशेप्पा दारात उभा राहून हात हलवत दिसेनासा झाला. मास्तर रिकाम्या रुळांकडे बघत फलाटावर कितीतरी वेळ उभे होते.

दुसऱ्या दिवशी गिरणीच्या वतीने मास्तरांनी सांत्वनाचं पत्र लिहिलं. चार पानं! क्रूर काळ, कोमेजलेली वेल, अश्रूंच्या नद्या, सगळं घातलं.

महिन्याभराने गिरणीत इटलीहून एक लाकडी खोकं आणि मास्तरांच्या नावाचं पाकीट आलं. खोक्यात आटे पाडलेला एक जाडजूड नट होता. साहेबांनी मास्तरांना बोलावून घेतलं. "वाचा!"

पत्र सिन्योरा असुंता नावाच्या बाईंचं होतं. म्हणजे जुशेप्पाच्या आईचं!

"तुमचं पत्र मीच फोडलं," बाईंनी लिहिलं होतं. "शेजारणी रडायला आल्या, त्यांना कॉफी पाजून घालवलं. मी एकाहत्तर वर्षांची आहे आणि आज सकाळीच अंगणातलं लाकूड फोडलंय. माद्रेवीते हा एकच शब्द आहे. म्हणजे नट! वीते म्हणजे वेल, तसा स्क्रूसुद्धा! मोडलंय ते तुमचं मशीन, मी नाही! आणि असली भाषा माझ्या खापरपणजोबांनीसुद्धा वापरली नसेल. तुमचं वय तरी काय?"

तीनशे वर्षांच्या त्या काव्यात एकाही कवीला स्क्रूची गरज पडली नव्हती, त्याला मास्तर काय करणार!

पुढे दीड पान बाईंनी मास्तरांचा उद्धार केला होता. "महिनाभर मशीन बंद, मास्तर!" साहेब गरजले. "आता पुढं काय लिहिलंय?" मास्तरांनी ते दीड पान मनातल्या मनात वाचून काढलं. आठ वर्षांत पहिल्यांदाच शब्दकोश न उघडता त्यांना इटालियनमधला शब्दन्‌शब्द समजला होता.

"पत्र मी घेऊन जाऊ का साहेब?"

"न्या! आणि गेटपाशी परत दिसू नका!"

त्या संध्याकाळी मास्तरांनी ओसरीवर बसून ते पत्र मोठ्याने वाचलं. स्टेशनवर ऐकलं होतं तसं. सावकाश, स्वर लांबवत. दाक्षायणीबाई ज्वारी निवडता निवडता थांबल्या. सूप मांडीवर तसंच राहिलं.

"अगंबाई! काय गोड भाषा हो!" त्या म्हणाल्या. "कुणाचं? काय लिहिलंय?"

मास्तरांनी पत्राची घडी घातली, ती कोटाच्या आतल्या खिशात नीट ठेवली आणि हळूच म्हणाले,

"एका बाईंचं आहे. तब्येत ठणठणीत आहे म्हणतात."