दोन मजल्यांचा एक रोल

"अगं, श्वास तरी घे," बेबी म्हणाली.

आईने श्वास घेतला नाही. दिवाणाच्या डाव्या कडेला ती गेली चार मिनिटं ताठ बसली होती, हात गुडघ्यांवर आणि नजर समोरच्या भिंतीत. चार मिनिटं लागत होती, कारण कॅमेऱ्यावर उजेडाचा आकडा कुठला आणि अंतराचा कुठला, हे बेबीला दर फोटोला नव्याने आठवावं लागत होतं.

"आणि जरा मध्ये सरक. अर्धा दिवाण रिकामा येतोय."

"मी इथेच बसते."

"का पण?"

"सवय आहे," आई ओठ न हलवता म्हणाली. तेवढ्यात बेबीने कळ दाबली. त्या फोटोत आई कुणाचं तरी गुपित सांगत असल्यासारखी येणार होती, पण ते कळायला अजून आठवडा होता.

बेबी एक्कावन्न वर्षांची होती. औषधांच्या दुकानात तेवीस वर्षं काउंटर सांभाळत होती आणि तिच्या हातून एकही चुकीची बाटली गेली नव्हती. दुकानात तिला 'मॅडम' म्हणत. घरी मात्र ती बेबीच राहिली होती, आणि त्या घराचे दोन मजले होते. म्हणजे इमारत चार मजल्यांची, पण बेबीच्या हिशेबात दोनच: पहिल्यावर आई आणि तिसऱ्यावर आईची धाकटी बहीण, मावशी.

दोघी नऊ वर्षं बोलत नव्हत्या. भांडण झालं असतं तर ते मिटलं तरी असतं. झालं होतं एवढंच, की नऊ वर्षांपूर्वी आई म्हणाली, "उद्या येऊ नकोस, फरशीवाले येणार आहेत." मावशी दुसऱ्या दिवशी आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. फरशीवाले आले, गेले, फरशी जुनी झाली, दोन ठिकाणी तडकलीसुद्धा. मावशी म्हणे, "बोलावल्याशिवाय कशी जाऊ?" आई म्हणे, "रोज येत होती तेव्हा काय मी पत्रिका पाठवत होते?" तेव्हापासून दोघींनी एकमेकींची नावं टाकली होती. आई विचारी, "वर काय म्हणतात?" मावशी विचारी, "खाली बरं आहे ना?" जणू दोघींना काळजी होती ती मजल्यांची.

आणि आता वरचा मजला रिकामा होणार होता. मावशीच्या मुलाने तिला कायमचं आपल्याकडे न्यायचं ठरवलं होतं. तो राहायचा इतका लांब, की या वयात तिथून कुणी सहज परत येत नाही. तीन आठवडे उरले होते. जाण्याआधी दोघींचा एकत्र एक फोटो व्हावा, एवढंच बेबीला हवं होतं. फोटोसाठी का होईना, दोघी एका दिवाणावर बसतील. मग पुढचं पुढे.

फोनमधला फोटो आईला मान्य नव्हता. "ते काय, दाखवलं की पळवलं. हातात काही राहतं का?" म्हणून बेबीने वडिलांचा जुना कॅमेरा माळ्यावरून काढला. वडील असताना त्याला हात लावायची कुणाची छाती नव्हती. नाक्यावरच्या स्टुडिओवाल्या काकांनी तो उघडून फुंकर मारली, कानाशी धरून कळ दाबली आणि म्हणाले, "ठणठणीत आहे. माणूस नीट पाहिजे." मग त्यांनी दोन रोल दिले आणि रोल भरायचा कसा, संपल्यावर उलटा गुंडाळायचा कसा, ते दोनदा दाखवलं. बेबीने दोन्ही वेळा मान हलवली.

बेत पहिल्याच दिवशी फसला.

"ती खाली येणार असेल तर मी स्वयंपाकघरात बसते," आई म्हणाली.

"मी खाली जाणार नाही, आणि वर कुणी येत नाही," मावशी म्हणाली. "माझा एकटीचा काढ. चांगला येऊ दे. नंतर भिंतीवर लावायला तोच उपयोगी पडेल."

"मावशी!"

"अगं, त्यात काय? तयारीत असलेलं बरं."

म्हणून वेगवेगळे फोटो. आईचा रोल तीन दिवसांत संपला. बेबीने तो उलटा गुंडाळायला घेतला. आत काहीतरी 'टक' झालं आणि हातातली चावी सैल पडली. वडिलांची वस्तू, मोडली तर! बेबीने तिथेच थांबून झाकण उघडलं. रोल बाहेर आला, त्याच्या फिल्मचं टोक जिभेसारखं दोन बोटं बाहेर. तो तिने प्लास्टिकच्या काळ्या डबीत ठेवला, आणि तेवीस वर्षांच्या शिस्तीने झाकणावर चिठ्ठी चिकटवली: 'आई'. कोऱ्या रोलच्या डबीवर दुसरी: 'मावशी'. डब्या फ्रिजवर ठेवून ती कामाला गेली.

झाकणाची रिकामी डबी दिसली की आईला राहवत नसे, आणि डबीत काही असलं तर ती आधी रिकामी करत असे. संध्याकाळी बेबी परतली तेव्हा दोन्ही डब्या साबणाने धुऊन खिडकीत पालथ्या घातलेल्या होत्या. दोन्ही रोल शेजारी शेजारी बशीत होते, जिभा बाहेर काढून.

"सुया ठेवायला छान आहेत गं. तुझं झालं की दे मला."

"आई! चिठ्ठ्या कुठायत?"

"कसल्या? ते चिकट कागद? निघता निघेनात. नखाने खरवडले."

बेबीने दोन्ही रोल उजेडात धरले, फिरवले, वाससुद्धा घेतला. शेवटी आईला विचारलं.

"हा माझा," आईने डावा रोल दाखवला. ज्या खात्रीने ती भाजीवाल्याला 'ही कालचीच आहे' म्हणून सांगायची, त्याच खात्रीने.

दुसऱ्या दिवशी बेबी उजवा रोल घेऊन वर गेली. मावशीच्या घरी निम्मं सामान खोक्यांत गेलं होतं. सोफा तेवढा उरला होता. मावशीने आधी विचारलं, "खाली काय नेसून बसले होते?"

"निळी."

"मग मी पिवळी नेसते. नाहीतर म्हणतील, माझं बघून केलं."

पिवळी नेसून मावशी सोफ्याच्या उजव्या कडेला बसली. एकदम कडेला.

"तूसुद्धा? अगं, मध्ये बस."

"मला इथंच बरं वाटतं. काढ तू."

बेबीने छत्तीस वेळा कळ दाबली. मावशीने निदान तीस वेळा डोळे मिटले.

पुढच्या आठवड्यात स्टुडिओवाल्या काकांनी पाकीट पुढे केलं, पण हातातून सोडलं नाही.

"बाई, तुमचा एक रोल पार कोरा. पांढरी पाटी."

"आणि दुसरा?"

"दुसऱ्यात चेंगराचेंगरी आहे." काकांनी चष्मा कपाळावर चढवला. "एकच रोल दोनदा वापरलात. एकावर एक फोटो. उलटा गुंडाळताना जीभ आत घ्यायची असते, म्हणजे वापरलेला कळतो. दोनदा सांगितलं होतं. तुम्ही मान हलवली होती."

दहा दिवसांवर मावशीचं जाणं आलं होतं. बेबीने तिथेच काउंटरवर फोटो पसरले. एकात आईच्या कपाळातून पंखा निघाला होता. एकात मावशीला चार हात होते आणि चारही कुणाला तरी ओवाळून टाकावं तसे पसरलेले. एकात दोघींच्या तोंडांचं मिळून एकच तोंड झालं होतं, आणि ते तोंड बेबीसारखं दिसत होतं. तो तिने घाईने उलटा ठेवला.

सतराव्या फोटोशी तिचा हात थांबला.

त्यात डावीकडे निळ्या साडीत आई बसली होती आणि उजवीकडे पिवळ्या साडीत मावशी. आईने मोकळी सोडलेली जागा मावशीने भरली होती, मावशीने सोडलेली आईने. दिवाण आणि सोफा एकमेकांत विरघळून एकच काहीतरी बसायचं झालं होतं. मावशीच्या बाहीतून आईचं कोपर दिसत होतं, ढोसल्यासारखं. मागे कपाट आणि खोकी धुक्यासारखी उभी होती.

"असा जुळवून काढायचा म्हटला तर जमायचा नाही," काका हळूच म्हणाले. "हा मोठा करून देऊ?"

बेबीने मान हलवली. या वेळी तिने ऐकलंही होतं. जाताना तिने आणखी एक रोल घेतला.

घरी आईने फोटो हातात घेतला, चष्मा लावला, पदराने फोटो पुसला, मग चष्मा पुसला.

"ही कधी आली?"

"आली नाही गं. तू बसलीस, आणि दोन दिवसांनी वर ती बसली. चुकून एकावर एक आलं."

आईने फोटो डोळ्यांजवळ आणला. मग म्हणाली, "बारीक झालीय."

"हो."

"सांगितलं नाहीस कधी."

"तू विचारलंस कधी? तू मजल्याचं विचारायचीस."

आईने फोटो खिडकीपाशी नेला. "आणि बघ, डोळे मिटलेत. शाळेच्या फोटोतही मिटले होते. आता हाच फोटो लोक बघणार. जा, सांग तिला, पुन्हा काढायचाय म्हणून."

"मी नाही जाणार."

"म्हणजे?"

"नऊ वर्षं मीच चढतेय तो जिना. तू सांग."

आईने पदर खोचला. मग चपला न घालताच निघाली. दोन जिने ती गुडघ्यांना शिव्या देत चढली, मध्ये एकदा कठड्याला टेकली, पण फोटो खाली केला नाही. मागून बेबी गळ्यात कॅमेरा आणि खांद्याला पर्स अडकवून चालली होती, पावलांचा आवाज न करता.

मावशीने दार उघडलं. आधी फोटो बघितला, मग बहिणीकडे.

"गेले का फरशीवाले?" ती म्हणाली.

"डोळे मिटलेस तू," आई म्हणाली. "चल, पुन्हा बसायचंय."

"आणि तू काय केलंयस? श्वास कोंडून फुगलीयस नुसती."

"मी फुगलेली नाही, मी मुळात जाड आहे."

"ते मी कुठं नाही म्हटलं?"

भांडतच दोघी आत जाऊन सोफ्यावर बसल्या. या खेपेला कडेला कुणी बसलं नाही. बेबी समोर गुडघ्यावर बसली, उजेडाचा आकडा लावला, अंतराचा लावला आणि कळ दाबू लागली. कुणी तिच्याकडे बघत नव्हतं. मुलाकडे थंडी फार असते का, गरम कपडे घेतलेस का, ते खोकं असं कोण बांधतं, सोड, मी बांधते. आईचा हात मावशीच्या मनगटावर होता आणि मनगट किती बारीक झालंय, हे तो हात तपासून बघत होता.

सात-आठ फोटो झाले असतील. घाम पुसायला बेबीने पर्समधला रुमाल ओढला, तर त्याच्याबरोबर काळी डबी वर आली. झाकणावर दुकानातली सीलची पट्टी तशीच. नवा रोल आतच होता. कॅमेऱ्यात काहीच नव्हतं.

बेबी डबी हातात धरून थांबली.

"झालं का गं?" मावशीने विचारलं. "झालं असेल तर उठते मी. भांडी बांधायची राहिलीत."

"हो ना, माझाही गुडघा आखडला," आई म्हणाली, आणि उठण्यासाठी तिने मावशीच्या मनगटावरचा हात उचलला.

बेबीने डबी पर्समध्ये खोल सारली आणि कॅमेरा पुन्हा डोळ्याला लावला.

"बसा गं, बसा," ती म्हणाली. "हा रोल मोठा आहे."