सातव्या तुकड्यावर पाय

"शब्द म्हणजे काय हो, भाजीच! बारीक चिरला की झालं!" अशी फुशारकी मारत भाऊंनी तो अगडबंब शब्द घरी आणला.

भाऊ कान-नाक-घशाच्या दवाखान्यात फोन घ्यायचे. नव्या डॉक्टरीणबाईंना नुसतं "दवाखाना, बोला" चालेना. त्यांनी पाटीवरच्या 'ओटोरायनोलॅरिंगॉलॉजिस्ट', म्हणजे कान-नाक-घशाचे डॉक्टर, या शब्दावर बोट ठेवलं. "हे असं पूर्ण म्हणायचं! सोमवारपर्यंत जमलं नाही, तर तुमच्या जागी मशीन!"

भाऊंची बायको नाचाचे क्लास घ्यायची. तिने शब्दाचे नऊ तुकडे पाडले. "अहो, सगळ्यांवर सारखं वजन कशाला टाकता? जोर सातव्यावर. तिथे पाय आपटा!"

"ओ-टो-राय-नो-लॅ-रिं-गॉ!" धप्प! "लॉ-जिस्ट!"

जमलं की! अडचण एवढीच, की पाय आवरला की जीभ अडायची.

सोमवारी भाऊ भलतेच रंगात होते. फोन आला की धप्प! फोन नसला की सराव, पुन्हा धप्प!

भिंतीपलीकडे कान तपासायच्या खोलीत एक आजोबा हेडफोन लावून बसले होते. सूर ऐकू आला की बोट वर करायचं, एवढंच काम. आजोबांना सूर कुठला ऐकू यायला! पण खुर्चीला हादरा बसला की ते इमानदारीत बोट वर करत. बाईंनी सूर बारीक केला. बोट वर! आणखी बारीक. तरी बोट वर!

"यांचे कान तर ठणठणीत आहेत," बाई आजोबांसोबत आलेल्या सूनबाईंना म्हणाल्या.

"ठणठणीत?" सूनबाई उसळल्या. "मग दोन वर्षं मी कुणापुढे घसा फोडतेय? मामंजी, सोंग करत होतात?"

"जेवलो मी मघाशीच," आजोबा प्रेमाने म्हणाले.

बाईंना शंका आली. त्यांनी सूर बंदच केला. तरी बोट वर! बाई दार उघडून तरातरा बाहेर आल्या.

"भाऊ, चाललंय काय?"

शाबासकीच मिळणार, असं भाऊंना वाटलं. "ऐकाच बाई!" म्हणत त्यांनी जीव तोडून शब्द म्हटला. धप्प! उघड्या दारातून आजोबांचं बोट वर गेलेलं सगळ्यांनी पाहिलं.

मंगळवारी मशीन आलं. पण त्यात आवाज कुणाचा भरायचा? तो शब्द न अडखळता म्हणणारं दवाखान्यात दुसरं कुणी नव्हतं, खुद्द बाईसुद्धा नाहीत! भाऊंनी तो धप्पासकट भरून दिला आणि पडेल चेहऱ्याने घरी गेले.

परवा भाऊंचा घसा बसला. नंबर लावायला त्यांनी दवाखान्यात फोन केला. पलीकडून त्यांचाच खणखणीत आवाज आला, आणि त्याने भाऊंना अर्धा तास ताटकळत ठेवलं!