मर्यादेतले दूध

सुव्यवस्थित समाजात धोका आधी मोजला पाहिजे, आणि मोजल्यावर तो खरोखरच निघाला तर मोजण्याची जागा बदलली पाहिजे. आमच्या अणुवीज केंद्राचा उत्सर्जन नियंत्रण कक्ष गेली बावीस वर्षे याच तत्त्वावर उभा आहे. (कक्ष म्हणजे एक खोली, दोन टेबले आणि एक फ्रीज. फ्रीजमध्ये दुधाचे नमुने आणि साहेबांचा डबा असतो. कप्पे वेगळे आहेत.)

चिमणीतून काय बाहेर पडते ते गायीला सगळ्यांच्या आधी कळते, कारण ती गवत खाते आणि अर्ज करत नाही. म्हणून दर सोमवारी कुंपणापलीकडच्या गवळीणबाईंच्या गोठ्यातून लिटरभर दूध आणून त्यातला किरणोत्सर्ग मोजायचा, असा नियम आहे. मार्चमध्ये तो मर्यादेच्या तिप्पट भरला. कक्षाने क्षणाचाही विलंब न लावता यंत्र दुरुस्तीला पाठवले. यंत्र ठणठणीत म्हणून परत आले, तेव्हा नाइलाजाने गोठा सदोष ठरवावा लागला. वारा सदैव चिमणीकडून तिकडेच वाहतो, सबब तिथले दूध प्रातिनिधिक नाही, असा शेरा मारून नमुना घेण्याची जागा वाऱ्याच्या उलट दिशेला सहा किलोमीटरवर हलवली. तिथे गायी नव्हत्या. दुकानातून पिशवी घेतली. तेव्हापासून शंभर टक्के नमुने मर्यादेत आहेत (चार टक्के नासले, पण मर्यादेत राहून नासले) आणि कक्षाला उत्कृष्ट कामगिरीची ढाल मिळाली.

इतके सुरळीत चालले असताना गवळीणबाई कक्षात आल्या. दूध न्यायला माणूस का येत नाही, असे विचारू लागल्या. घरी दीड वर्षाची नात आहे, आई नसलेली, दुधावरच वाढते आहे, म्हणाल्या. साहेबांनी त्यांना खुर्ची दिली आणि भिंतीवरचा आलेख दाखवून सरळ रेघ किती समाधानकारक असते ते समजावले.

"रेघ राहू द्या साहेब," बाई म्हणाल्या. "पोरीला दूध देऊ का नको, तेवढं सांगा."

प्रश्न तोंडी असल्याने त्याची दखल घेता येत नाही, असे साहेबांनी सौजन्याने सांगितले. मला उत्तर माहीत होते. मी मान खाली घालून बाटल्यांना चिठ्ठ्या चिकटवत बसलो, आणि मला स्वतःची लाज वाटली. (लाज ही मोजण्याच्या यादीत येत नाही.)

मग बाईंनी लेखी हरकत घेतली. जागेतला बदल कायम करण्यापूर्वी हरकती मागवणारी सूचना तीस दिवस वर्तमानपत्रात होती, सातव्या पानावर, कोड्याच्या शेजारी. हरकत एकच आली. ती फेटाळावी लागली, कारण बाईंची नात तेच दूध पिते, म्हणजे त्यांचे हितसंबंध गुंतलेले आहेत.

बाकीच्या दोन लाख वाचकांनी कोडे सोडवले. मुदतीत हरकत न घेणे म्हणजे होकार, असा नियम आहे. त्यानुसार नातीला दूध द्यायला हरकत नाही, असे आम्ही बाईंना कळवले आहे. पत्रावर सही साहेबांची असली, तरी निर्णय, वाचकहो, तुमचा आहे.