क्लॅरीच्या घरातली एक मिनिट शांतता

दोन तासांच्या मुलाखतीत क्लॅरी एकूण अकरा शब्द बोलला. त्यातले चार पावसाबद्दल होते.

सिनेमातला अबोल बाप पाठमोरा उभा राहतो, खिडकीबाहेर बघतो आणि शेवटी पोरीच्या खांद्यावर हात ठेवतो. पहिल्या दोन गोष्टी क्लॅरीला उत्तम जमत. तिसरीच्या आशेनं त्याची मुलगी ब्रॉन्विन ॲडलेडहून कॅमेरा घेऊन या मेंढ्यांच्या माळावर आली होती. आपण आल्याचा बापाला आनंद होतो, एवढं एकदाच तिला त्याच्या तोंडून ऐकायचं होतं. आता दुपार झाली होती आणि संध्याकाळी परत निघायचं होतं.

"आता एक मिनिट नुसती शांतता टिपतो," आवाज टिपणारा पेट्रो म्हणाला. संवादांमधल्या फटी बुजवायला त्या जागेची शांतताही लागते, ही त्या मंडळींची रीत.

"या घरात ती पोत्यानं मिळेल," ब्रॉन्विन म्हणाली.

पेट्रोनं घरघरणारा फ्रिज बंद केला. नंतर चालू करायला विसरू नये म्हणून गाडीच्या किल्ल्या आत मटणाशेजारी ठेवल्या. क्लॅरीनं ते पाहिलं. "टाकी बघतो," म्हणून तो बाहेर गेला.

पेट्रोनं हेडफोन लावले आणि लगेच मान वर केली. "कोण श्वास घेतंय?"

"मी. जगायला लागतो तो."

"तू नाही गं. म्हातारं आहे कुणीतरी."

त्यांनी घड्याळ थांबवलं. खिडकी लावली. स्वयंपाकघरात दोघांखेरीज चिटपाखरू नव्हतं, तरी हेडफोनमध्ये वाळक्या गवतावरून पावलं आली, थांबली. मग अगदी कानाशी कुणीतरी कुजबुजलं, "बेरिल..."

पेट्रोचा चेहरा पिठासारखा झाला. "बेरिल कोण?"

"आई. सहा वर्षं झाली तिला जाऊन."

कोपऱ्यातल्या खुर्चीवर आईचा लोकरी कोट अजून तसाच होता. पेट्रोनं तिकडे पाहिलं आणि "मी निघतो," म्हणाला. पण किल्ल्या सापडेनात. ती खुर्ची सोडून त्यानं सगळं घर पालथं घातलं.

ब्रॉन्विननं हेडफोन कानाला लावले. आवाज बापाचा होता. सकाळी मुलाखतीसाठी त्याच्या कॉलरला लावलेला बिनतारी माइक काढायचा राहिला होता, आणि क्लॅरी टाकीमागच्या झाडाखाली, जिथं बेरिलची राख पुरली होती, तिथं उभा होता.

"पोरगी आलीय, बेरिल. वाळलीय. नीट खात नसणार. बरं वाटलं बघून. जवळ घ्यायचं होतं गं, पण हातात बादली होती."

"ठेवायची ना खाली," ब्रॉन्विन पुटपुटली आणि रडायला लागली.

थोड्या वेळानं क्लॅरी आत आला. फ्रिज उघडून त्यानं किल्ल्या पेट्रोच्या हातात दिल्या. "मिळाली शांतता?"

"नाही, बाबा," ब्रॉन्विन डोळे पुसत म्हणाली. "परत एकदा घ्यावी लागेल."

क्लॅरी खिडकीकडे वळला. मग पाठमोऱ्यानंच त्यानं पट्ट्याला अडकवलेली माइकची डबी काढून तिच्यापुढे धरली.

"लाल दिवा लुकलुकतोय मघापासून. सेल बदल. अजून थोडं सांगायचं राहिलंय."